वाफेचं इंजिन हवं, वाफेचा वेष नको

माथेरानच्या गाडीचा विषय निघाला की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मत हमखास येतं: खरं वाफेचं इंजिन हवंय कशाला? डिझेल इंजिनावर जुन्या इंजिनाचा सांगाडा चढवा, थोडा धूर सोडा, शिट्टी वाजवा, पर्यटक खूश. एकतानगर–अहमदाबाद मार्गावर 2023 पासून विजेचं इंजिन असाच वेष घालून धावतंय, तो दाखलाही जोडीला असतोच. मला हे वाचून चीड येते. कारण माथेरानचं एक खरं इंजिन, 740 नंबरचं, मी राहतो त्या इंग्लंडात आहे. तिथल्या लेटन बझर्ड या गावातल्या छोट्या रेल्वेच्या दोन फुटी रुळांवर त्याला पुन्हा वाफेवर आणलं गेलं.

738 ते 741 ही चार भावंडं जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कारखान्यातली. आराखडा बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या एव्हरर्ड कॅलथ्रॉपचा. नेरळहून चढ विसाला एक आणि वळणं अशी की सहा चाकं एका ताठ चौकटीत जखडली तर ती अडून बसतील. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांना क्लीन–लिंडनर पद्धतीचा आस (चाकांची जोडी जोडणारा दांडा) दिला. चौकटीत फिरणारा भरीव आस आत आणि त्यावर पोकळ आस. चाकं बसलेली असतात ती पोकळ आसावर. मधोमध एक गोळा आणि त्यातून आरपार गेलेली खीळ, ती फिरण्याचा जोर चाकांपर्यंत पोचवते. वळणावर चाकं बाजूला सरकतात, थोडी तिरपीही होतात, पण बाहेरचे जोडदांडे सरळच राहतात. या गोळ्यापर्यंत तेल पोचलं नाही तर तो झिजतो आणि मग चाकं वळणाबाहेरही हलू लागतात. पत्र्याच्या सांगाड्यात हे कुठून येणार?

इथे इंग्लंडात बॉयलरला साधारण दहा वर्षांची मुदत असते. ती संपली की बॉयलर चौकटीवरून उचलायचा, सगळ्या नळ्या काढायच्या, आतला गंज खरवडून पत्र्याची जाडी मोजायची. फायरबॉक्सचा, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचा, आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना धरून ठेवणारे स्टे एकेक करून हातोडीने वाजवायचे. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द आवाज देतो. नव्या नळ्या बसवल्या की थंड पाण्याने चालू दाबाच्या दीडपट दाब देऊन तपासायचं, मग वाफेवर. भट्टी जोरात असतानाही सेफ्टी व्हॉल्व्हनी दाब ठरलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून वर जाऊ द्यायचा नाही. एवढं झाल्यावर इन्शुरन्सचा माणूस सही करतो. रोजचं वेगळंच: सकाळी आग पेटवण्याआधी बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी बघायचं, फायरबॉक्सच्या छतातल्या शिशाच्या खिळीतून पाझर नाही ना ते बघायचं. पाणी कमी पडून छत उघडं पडलं की ते शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येते. तीच शेवटची सूचना. थंड बॉयलरला घाईने तापवलं तर पत्रे सारखे तापत नाहीत, नळ्यांची तोंडं गळू लागतात. म्हणून लाकडाची बारीक आग, तास-दोन तास, मग कोळसा.

‘आपल्याकडे हे जमत नाही’ हा दुसरा युक्तिवाद मला पहिल्याहून जास्त लागतो, कारण तो साफ खोटा आहे. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने एक्स वर्गाची वाफेची इंजिनं नव्याने बांधली. 1855 ची फेअरी क्वीन 1997 पासून दिल्ली–अलवर गाडी ओढू लागली. दार्जिलिंगला आजही बॉयलर तापतो. तिथल्या फिटरना लेटन बझर्डकडून शिकायची गरज नाही.

आणि हे सगळं मी लिहितो कुठे बसून? ‘तुम्ही तिकडून सांगू नका’ असं लगेच ऐकावं लागतं, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. 740 ला मी ‘आपलं’ म्हणतो, पण त्याची राख इथल्या स्वयंसेवकांनी उपसली. माझा वाटा तिकिटाचा आणि गिफ्ट एडच्या, म्हणजे देणगीवरचा कर संस्थेला मिळवून देणाऱ्या इथल्या योजनेच्या, फॉर्मवरच्या सहीचा. शिवाय ते इथे जेमतेम तीन मैल जातं. एका पावसाळ्यात जेवढं पाणी सह्याद्रीच्या उतारावरून वाहतं, ते त्याच्या वाट्याला पुन्हा येणार नाही. इंजिन वाचलं, घाट मात्र सुटला. हे म्हणताना मी फक्त इंजिनाबद्दल बोलत नाही, हे मला कळतं.

म्हणूनच मागणी नव्या सांगाड्याची नको. आपल्याकडे चौथऱ्यांवर उभी असलेली इंजिनं दरवर्षी रंगवतात, तेवढ्याच खर्चात आधी स्मोकबॉक्सचं, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाला धूर आणि राख जमते त्या पेटीचं, दार उघडा. शेवटच्या फेरीची राख तशीच पडून राहिली की ती पावसाळी हवेतला ओलावा शोषते, आम्ल होतं आणि तळाचा पत्रा पोखरला जातो. रंगाखाली ते दिसत नाही. राख काढा, तळ कोरडा करा, बॉयलरवरचं आवरण उतरवून आत साचलेलं पाणी काढा, चाकांच्या बेअरिंगांत तेल घाला आणि इंजिन जॅकवर घेऊन चाकं वर्षातून एकदा तरी फिरवा. उद्या कुणाला ते पुन्हा तापवायचं झालंच, तर तापवायला काहीतरी शिल्लक असेल.