हलकं लिनक्स कोणतं, हे नंतर. आधी इन्स्टॉलर बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून अमळनेरात माझ्या दुकानावर कुणी ना कुणी जुना कॉम्प्युटर घेऊन येतंच. कुणाचा जिनिंगच्या वजनकाट्यावरचा, कुणाचा क्लासमधला, कुणाच्या पोराने पुण्याहून घरी पाठवून दिलेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि किमान ४ जीबी रॅम हवी, यांच्यात बहुतेक वेळा ते नसतं. मग विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची म्हणतात आणि प्रश्न ठरलेला : "भाऊ, हलकं लिनक्स कोणतं टाकू?"

माझं मत असं आहे की नाव नंतर ठरवा. टाकताना इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स मशीनवर बसवणारा प्रोग्राम, काय विचारतो, कोणत्या भाषेत विचारतो आणि उत्तर देणाऱ्याला ते कळतंय का, हे आधी बघा. हे मत एका चुकीतून आलंय आणि चूक माझी होती.

पारोळ्याकडचे एक नाना लॅपटॉप घेऊन आले होते. २ जीबी रॅम, विंडोज अर्ध्या तासाने उघडायचं. मी पेनड्राइव्ह लावला. पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय आला तेव्हा स्क्रीन त्यांच्याकडे वळवून विचारलं, "सगळं नवीन टाकू ना?" ते म्हणाले, "टाका भाऊ." वीस-पंचवीस मिनिटांत मशीन पळायला लागलं, ते खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "भाऊ, मन्ही पोरना लगनना फोटू कथा ग्यात?" लग्नाचे फोटो कुठे गेले, असं ते अहिराणीत विचारत होते.

स्क्रीनवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की सगळा डेटा जाईल. नानांना ते वाचता येत नव्हतं. मी जे मराठीत विचारलं त्यात पुसण्याचा शब्दच नव्हता. रिकव्हरीने काही फोटो परत मिळाले, बरेचसे गेले ते गेलेच.

त्यानंतर मी इन्स्टॉलर नीट वाचायला लागलो. डेबियन नावाच्या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. पण ती फक्त ग्राफिकल पद्धतीत मिळते. काळ्या-निळ्या टेक्स्ट पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, म्हणून तिथे मराठी यादीतच दिसत नाही. त्यात रॅम फारच कमी असेल तर हा इन्स्टॉलर लो-मेमरी मोडमध्ये जातो आणि जागा वाचवायला भाषांतरंच सोडून देतो, उरते फक्त इंग्रजी. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात जुनं मशीन, त्यालाच त्याच्या भाषेत प्रश्न विचारला जात नाही. तांत्रिक कारण मला कळतं, तरी ही गोष्ट मला टोचते.

आता मशीनचं. १ जीबी किंवा त्याहून कमी रॅम असेल तर मी डेबियनचा टेक्स्ट इन्स्टॉलरच वापरतो. लुबुंटू हे दुसरं हलकं लिनक्स १८.१० आवृत्तीपासून कॅलमारेस नावाचा इन्स्टॉलर वापरतं. कॅलमारेस दिसायला देखणा, डिस्कचं चित्र काढून दाखवतो, आधी-नंतर कसं होईल ते कळतं. पण तो चालायला आधी पेनड्राइव्हवरूनच पूर्ण लाइव्ह डेस्कटॉप सुरू व्हावा लागतो. १ जीबीवर तिथेच दम लागतो आणि माणूस समजतो की लिनक्सच जड आहे. ४ जीबीचं मशीन असेल आणि मालक स्वतः टाकणार असेल, तर मात्र मी कॅलमारेसच सांगेन.

डेबियनची एक गोष्ट मला मनापासून आवडते. डिस्कवर बदल लिहायच्या आधी तो शेवटचं विचारतो, तेव्हा खूण 'नाही'वर असते. झोपेत एंटर दाबला तरी डेटा वाचतो. दोन ठिकाणी मात्र सांभाळा. डेस्कटॉप निवडायच्या पानावर नोम (GNOME) या डेस्कटॉपला आधीच टिक असते. तिथे एंटर मारला की ते जड डेस्कटॉप जुन्या मशीनवर बसलंच. स्पेसबारने ती टिक काढा, एलएक्सक्यूटी (LXQt) किंवा एक्सएफसीई (Xfce) हे हलके डेस्कटॉप घ्या, मग टॅब दाबून पुढे जा. दुसरं, ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स उघडणारा छोटा प्रोग्राम, कोणत्या डिस्कवर टाकायचा हे विचारलं की डिस्कचं नाव आणि साइज वाचा. चुकून पेनड्राइव्ह निवडला, तर पेनड्राइव्ह काढल्यावर मशीन सुरूच होत नाही.

प्रोसेसर ३२ बिटचा असेल, उदाहरणार्थ अ‍ॅटम एन२७० ची ती छोटी नेटबुकं, तर डेबियन १३ चा विचार सोडा. ऑगस्ट २०२५ ला ते आलं तेव्हा ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झाला. डेबियन १२ घ्या किंवा अँटीएक्स (antiX) या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती घ्या. डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर, म्हणजे वायफाय चालायला लागणाऱ्या फायली, इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे खेड्यावर केबल शोधत फिरावं लागत नाही. आणि डिस्कला हातच लावायचा नसेल, तर पपी लिनक्सची फ्रुगल पद्धत आहे : आहे त्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या भागात) एका फोल्डरात काही फायली ठेवायच्या, बाकी सगळं जागच्या जागी.

लाइटीचं सांगायला हवं का? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते. पार्टिशन लहान-मोठं करत असताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो. इन्व्हर्टर नसेल तर पहाटे करा.

दुकानात आता मी एक कागद ठेवलाय. मोठ्या अक्षरात मराठीत चार प्रश्न आहेत : या मशीनमध्ये फोटो, पावत्या, हिशोब आहेत का? त्यांची नक्कल दुसरीकडे काढली का? ती उघडून बघितली का? हे सगळं पुसलं जाणार आहे, चालेल का? मालक वाचतो, नाहीतर मी वाचून दाखवतो, आणि चौथ्या प्रश्नापुढे तो स्वतः सही करतो. त्याआधी मी पेनड्राइव्ह लावत नाही. कागदावर चौथा प्रश्न खाली अहिराणीतही लिहिलाय. तो मला नानांनी लिहून दिला.