खुलासा : उन्हाळ्यात मासे तलावाच्या तळाशी जातात का?

‘कडक उन्हाळ्यात सगळे मासे गारव्यासाठी तलावाच्या तळाशी जातात, म्हणून गळ तळापर्यंत सोडावा’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्याचा पहिला भाग ऐकताच पटतो, आणि म्हणूनच मीही तो पूर्वी पुढे पाठवला होता. ती माझी चूक होती.

उन्हाळ्यात खोल तलावाचे पाणी थरांत विभागले जाते. वरचे उबदार, हलके पाणी खालच्या गार, जड पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे तळाकडे हवेतला प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथे आधीपासून असलेला, कुजणाऱ्या शेवाळ व पाल्यापाचोळ्यामुळे, हळूहळू संपत जातो. प्राणवायूमापक खाली सोडला की हे आकड्यांत दिसते. अशा तलावात मासे बहुधा गार थराच्या किंचित वर थांबतात आणि पहाटे काठाकडे येतात. उथळ तलावात वाऱ्याने पाणी ढवळले जात असल्याने हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, तर खोल पण नितळ, म्हणजे कुजणारे शेवाळ कमी असलेल्या तलावांत तळाशीही प्राणवायू टिकतो आणि ट्राउटसारखे गार पाण्यातले मासे खरोखर खाली जातात. संदेशातील ‘सगळे’ हा शब्द मात्र चुकीचा आहे.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच ठिकाणी ही दुरुस्ती जोडावी.