'एसीत बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

महोदय,

चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या कन्नड घाटातल्या दरडींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मराठवाड्यात प्यायला पाणी नाही अन् तुम्ही दरडींच्या गोष्टी सांगायलात. दरड कोसळती ती रस्त्यासाठी डोंगर पोखरल्यामुळं, हवामान बदल कशाला मधी? एसीत बसून काहीबी लिहू नका. आणि तळिये पोलादपुरात नाही, महाड तालुक्यात आहे."

जुलै 2021 मध्ये दरडीखाली गेलेल्या तळिये गावाचं तुमचं बरोबर. चूक माझी, दुरुस्त केली आहे. आभार.

आता एसी. माझ्या घरी कूलर आहे, आणि टाकीत पाणी असेल त्या दिवशी तो चालतो. वडील 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. मी स्वतः घागर घेऊन टँकरमागं पळालोय. पाणीटंचाई मला तुम्ही शिकवणार? मतभेद असू द्या हो, पण बोलायची काही रीत असते. टोपणनावाआडून चार ओळी खरडायला काय लागतं? ऑगस्ट 2021 अखेर त्या घाटात दरडी आल्या तेव्हा वाहनांच्या रांगेत मी होतो. पुढं रस्त्यावर चिखल आणि धोंडे, मागं निघायला जागा नाही. तुम्ही कुठं होतात, ते विचारत नाही.

बरं, 'पाणी नाही' म्हणून दरडीचा धोका नाही, हे कुठलं गणित? डोंगराला वर्षाच्या पावसाची सरासरी कळत नाही, एका रात्रीत किती पाऊस कोसळला ते कळतं. पंधरा-वीस दिवस उघडीप, माती भेगाळलेली, मग एकदम धो-धो. पाणी आत मुरतं, माती जड होते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि खालच्या काळ्या पाषाणावरची तिची पकड सुटते. हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे असा पाऊस आला की आणखी जोरात येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की मध्य भारतात मोठ्या टापूवरच्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीनं वाढल्या. तेही एसीत बसूनच लिहिलं असेल म्हणा!

डोंगर पोखरण्याचं म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे. कधीतरी लिहीन.

तळियेची दुरुस्ती त्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिच्या खालचेही सहा परिच्छेद यावेळी वाचा.