पायथनमध्ये बग सापडलाय!

पायथन ही संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागलेला माणूस एक ना एक दिवस धापा टाकत येतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "पायथनमध्ये बग सापडलाय." आवाज खाली अशासाठी की दुसऱ्या कुणी ऐकलं तर श्रेय जायचं! ही भाषा १९९१ पासून लोकांच्या हातात आहे, तरी बग, म्हणजे भाषेतली चूक, इतकी वर्षं आपलीच वाट बघत थांबला होता, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. मला थोडंफार पायथन येतं अशी वदंता असल्याने फिर्याद माझ्याकडे येते आणि आरोपीचं वकीलपत्रही मलाच घ्यावं लागतं.

पहिला गुन्हा ठरलेला. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४. मी सांगतो, बाबा रे, यंत्र हे आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतं. एक तृतीयांश जसा दशांशात कधी संपत नाही, तसा ०.१ तिथे संपत नाही. जावा या दुसऱ्या भाषेतही हेच, जावास्क्रिप्टमध्येही हेच.

"म्हणजे त्यांच्यातही बग आहे?" चेहऱ्यावर दुप्पट आनंद.

मग सॉर्ट. 'यादी = यादी.सॉर्ट()' लिहायचं आणि यादी नाहीशी झाली म्हणून बोंब मारायची. सॉर्ट जागच्या जागी क्रम लावतं आणि हातात 'नन', म्हणजे 'काहीच नाही', ठेवतं. नवी यादी हवी असेल तर 'सॉर्टेड' आहे. हे ऐकल्यावर "मग तसं आधी सांगायचं ना!" असं मला सुनावलं जातं. जणू भाषा मीच लिहिलीय.

जावासारख्या भाषांत कोडचे गट बांधायला असतात तसे महिरपी कंस, म्हणजे 'ब्रेसेस', इथे का नाहीत, हा प्रश्न मी आता पायथनवरच सोडतो. '__फ्यूचर__' मधून 'ब्रेसेस' इम्पोर्ट करायला सांगतो. पायथन ताडकन उत्तर देतं, "नॉट अ चान्स". खोटं वाटत असेल तर करून बघा. वकिलाचे श्रम वाचतात.

खरी कसोटी लागते ती डीफॉल्ट यादीच्या, म्हणजे आपण यादी दिली नाही तर फंक्शन आपोआप वापरतं त्या यादीच्या खटल्यात. फंक्शन असं: 'डेफ टाक(वस्तू, यादी=[])'. आत वस्तू यादीला जोडायची आणि यादी परत द्यायची, बस. टाक('पेन') म्हटलं की यादीत पेन. पुन्हा नव्याने टाक('वही') म्हटलं की पेन आणि वही! मागचं पेन आलं कुठून?

मी सांगतो, तो रिकामा कंस फंक्शन बनवणारी 'डेफ' ची ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होतो. दर वेळी नवा मिळत नाही, सगळे कॉल त्याच एका यादीत भर घालतात.

"पण मी तर रिकामी यादी लिहिली होती."

लिहिली होती खरी. म्हणून तिथे 'नन' लिहायचं आणि आत गेल्यावर 'नन' असेल तर नवी यादी करायची.

"म्हणजे रिकामी यादी हवी असेल तर रिकामी यादी लिहायची नाही?"

"नाही."

"आणि हा बग नाही?"

"नाही. मुद्दाम तसं ठेवलंय. काही लोक जुनी उत्तरं साठवून ठेवायला याचाच उपयोग करतात."

तो माझ्याकडे बघत राहतो. खरं सांगायचं तर या एका खटल्यात मी न्यायाधीश असतो, तर निकाल फिर्यादीच्या बाजूने दिला असता. पण वकीलपत्र घेतलंय. मी घसा साफ करतो, पुढचा खटला स्वतःच काढतो आणि विचारतो, "लूपमध्ये लॅम्डा लिहून बघितलास का रे अजून?"