आजोबांच्या रिव्हॉल्व्हरबद्दलच्या तक्रारीला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या दुकानाला पाचपैकी एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की आजोबांचं वेब्ली (म्हणजे त्या इंग्रजी कंपनीचं) रिव्हॉल्व्हर आम्ही तपासणीचे पैसे घेऊन ठेवून घेतलं, घोड्याची कमान तुटली होती, तशी साधी दुसरी कमान आम्हाला मिळाली नाही आणि शेवटी ‘हे वेब्ली नाहीच’ म्हणून हात झटकले. वेळ लागला, त्याचा वैताग समजू शकतो. हात झटकले हे मात्र खरं नाही.

रिव्हॉल्व्हरच्या वरच्या पट्टीवर ‘ब्रिटिश बुलडॉग’ कोरलंय, म्हणून घरात सगळे त्याला वेब्ली म्हणत आले. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या वेब्लीने १८७२ मध्ये बुलडॉग हे आखूड रिव्हॉल्व्हर काढलं. ते इतकं खपलं की बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी त्याच्या भरमसाट नकला केल्या आणि नावही तेच ठोकलं. तुमची पाच घरांची, गोळ्या भरायची चक्री काढून पुसली, तेव्हा भिंगातून लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरं आणि खाली चांदणी स्वच्छ दिसली. हा लिएजच्या चाचणीगृहाचा, म्हणजे हत्यार दाब सोसतं का ते तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का. १८९३ पासून त्याच्यावर मुकुट येऊ लागला. इथे मुकुट नाही, म्हणजे हत्यार त्याआधीचं. बर्मिंगहॅमचा शिक्का शोधूनही सापडला नाही. तुम्ही आलात तेव्हा हे तुम्हालाही दाखवलं होतं.

लिएजला हे काम छोट्या कारखान्यांत, घराघरांत कानशीने घासून व्हायचं. त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला सरळ बसत नाही. वेब्लीची कमान लावून पाहिली, ती घोड्यापर्यंत नीट पोचतच नाही. वाकवून, रेटून बसवली असती तर त्याच दिवशी बिल फाडता आलं असतं. पण उद्या घोड्याची खाच तुटली तर तसा दुसरा घोडा कुठून आणायचा? सव्वाशे वर्षांहून जुन्या वस्तूवर असा प्रयोग मी करणार नाही.

मित्राने सुचवल्याप्रमाणे परदेशातून पार्सलने भाग मागवू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा अग्निशस्त्रातच मोडतात. आयातीच्या परवान्याशिवाय मागवलेत तर गुन्हा दाखल होईल आणि आहे तो परवानाही धोक्यात येईल.

पावतीवर ‘ओळख व तपासणी’ असंच लिहिलंय, आणि ते काम झालंय. कमान आम्ही हाताने घडवून, पोलादाला पाणी देऊन (तापवून, विझवून) बसवू शकतो. तुमची संमती असेल तर तपासणीचे पैसे मजुरीतून वजा करू, आणि जुन्या कमानीचे दोन्ही तुकडे पाकिटात घालून परत देऊ. फक्त नवी कमान बसल्यावरही त्यातून गोळी झाडू नका. हे काळ्या दारूच्या जमान्यातलं हत्यार आहे, आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब त्या चक्रीला झेपणार नाही.

काम करायचं असो वा तसंच परत न्यायचं असो, येताना मूळ परवाना आणि पावती आणा. सोमवारी दुकान बंद असतं.