साउदीचं केहामा एकदा वाचाच

तुमचा लेख आवडला, पण त्यात इंग्रज कवी रॉबर्ट साउदीची महाकाव्यं आज कोणी वाचत नाही एवढंच म्हणून 'द कर्स ऑफ केहामा' एका ओळीत उरकलंत ते मनाला लागलं. १८१० मध्ये आलेलं हे काव्य, माणूस कधी भारतात आलाच नाही, नुसती पुस्तकं वाचून त्यानं अश्वमेध, यम, अमृत सगळं त्यात आणलं, आणि नावं थोडी वेडीवाकडी झाली तरी त्याचा जीव त्यात होता हे जाणवतं. त्यातला गरीब शेतकरी लादुर्लाद आपल्या मुलीची अब्रू वाचवताना केहामा या बलाढ्य राजाच्या पोराला मारतो, मग केहामा शाप देतो की पाणी तुला शिवणार नाही, झोप येणार नाही, मरणही येणार नाही. आणि मुलगी देवीच्या लाकडी मूर्तीला धरून नदीत वाहत जाते तेव्हा लादुर्लाद उडी मारतो तर पाणीच बाजूला होतं! शापानंच पोरगी वाचली, काय सुचलंय हो! मी तर तिथेच थांबून ते पान परत वाचलं. पुढे १८१३ मध्ये साउदी ब्रिटनचा राजकवी झाला, कवी बायरननं त्याची यथेच्छ टिंगल केली आणि लोकांना तीच लक्षात राहिली, हे फार वाईट झालं. याच काव्यावर एक वेगळा लेख लिहा ना प्लीज.