पैसे मोजून लावलेली हरळी

शेतकऱ्याच्या वावरात हरळी शिरली की त्याचं तोंड कडू होतं. नांगरून, खणून, जमिनीखालच्या काशा वेचून माणूस दमतो. हरळी दमत नाही. तिच्याच कुळातली पोरगी नर्सरीत लॉनचं गवत म्हणून ‘सिलेक्शन नंबर वन’ असं नाव घेऊन चौरस फुटाच्या भावानं विकली जाते, आणि सोसायटीच्या आवारात आली की वर्षभरात माना टाकते. बाग समिती माझ्या गळ्यात पडल्यामुळे या मृत्यूची चौकशी दर मासिक सभेत माझीच होते.

सभेचं निदान ठरलेलं असतं: माळी पाणी घालत नाही. माळीकाका पाणी घालतात. रोज घालतात. तीच तर अडचण आहे. दोन हजार चौरस फूट म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर लॉन. एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर रोजचे ९३० लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर अकरा दिवसांत गवताच्या घशात. अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला पंधरा लिटर येतात आणि काका पंधरा मिनिटं उभे राहतात. म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. मातीचं नुसतं तोंड पुसलं जातं, मुळं वरच्यावर राहतात आणि दुपारी दोनला लॉन मान टाकतं. दोन दिवसांआड, पण पहाटे, चार-पाच इंच खोल मुरेल इतकं पाणी दिलं तर मुळं खाली उतरतात. खुरपं खुपसून बघायचं, ओल कुठवर गेली ते. हे सभेत सांगितलं की ‘पाणी एक दिवस बंद ठेवायला सांगतात’ एवढंच इतिवृत्तात येतं.

त्यात आमचं लॉन जमिनीवर नाही, पार्किंगच्या छतावर आहे. स्लॅब, वॉटरप्रूफिंग, खडी किंवा ड्रेन सेल (पाणी वाहून जायला प्लॅस्टिकच्या जाळ्या), त्यावर माती अडवून पाणी सोडणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि मग फूटभर माती, असा तो थर-केक. स्वस्तात मिळते म्हणून नुसती लाल माती ओतली की दोन पावसाळ्यांत ती विटेसारखी बसते आणि तिचा बारीक गाळ कापडाची भोकं बुजवतो. मग पाणी आपली वाट शोधतं आणि ती वाट नेमकी कुणाच्या तरी नव्या गाडीच्या बॉनेटवर संपते. काँक्रीटमधला चुना घेऊन उतरलेल्या पाण्याचे पांढरे डाग पुसून जात नाहीत, गाडीवाल्याचा रागही. मातीत निम्मं कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळलं असतं, आणि मेअखेर पन्हाळीच्या जाळ्या साफ केल्या असत्या, तर निम्मी भांडणं मिटली असती.

खताचं काय विचारता! कुणीतरी उदार मनानं गावाहून ट्रॉलीभर शेणखत पाठवतं. ते नीट कुजलेलं नसेल तर त्यातून हुमणीच्या अळ्या फुकट येतात. त्या मुळं कुरतडतात आणि भाद्रपदात लॉनचा कोपरा धरून उचलला की सतरंजीसारखा हातात येतो. युरियाचा उत्साह तर आणखी वाईट. शंभर चौरस मीटरला एक किलो पुरे, तोही टाकल्यावर लगेच पाणी हवं. मूठ भरून उधळला की मुठीच्या आकाराचे जळके ठिपके उमटतात. ज्यानं टाकला त्याची सहीच म्हणा ना.

कापणीचा ठेकेदार पंधरा दिवसांनी येतो. पावसाळ्यात गवत आठवड्यात बोटभर वाढतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये; हा गृहस्थ ब्रश कटरनं चमनगोटाच करतो. खालचे पिवळे दांडे उघडे पडतात आणि उघड्या मातीत लव्हाळा घुसतो. संतांनी ज्याच्या नम्रतेचे गोडवे गायले तो हाच. उपटला की वरची पात हातात येते, खालच्या गाठी तशाच राहतात आणि प्रत्येक गाठ नवा फुटवा काढते. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर लव्हाळा आणि हरळी दोघंही मरतात. हॅलोसल्फ्युरॉन हे दुसरं तणनाशक लव्हाळ्यालाच धरतं, हरळीला सोडतं. मात्र त्याला दोन-तीन आठवडे धीर लागतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर धीर दोन-तीन तास टिकतो.

दोन इमारतींच्या मधल्या बोळात ऊन दिवसाला दोन तास. हरळीला सहा तरी हवेत. तिथं सावलीत तगणारं मंकी ग्रास नाही तर सिंगोनियम लावा, असं मी कितीदा सांगावं? ‘पण ब्रोशरमध्ये तिथं हिरवळ होती’, हे त्यावरचं उत्तर.

आणि मग गणपती येतात. अर्धं लॉन मंडपाच्या बल्ल्यांखाली जातं. उरलेल्यावर चतुर्थीच्या सकाळी, वर्षभर ‘हे गवत काढून पेव्हर ब्लॉक टाका’ म्हणणारी मंडळी ताम्हण घेऊन उकिडवी बसतात, तीन पानांच्या एकवीस दूर्वांची, म्हणजे याच हरळीची, जुडी खुडायला. काका मागून ओरडत असतात, ‘‘अवो ताई, तिकडनं नका, कालच औषध मारलंय!’’